घर नाकारले जाते तेव्हा राग कुठे जातो

ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा डोंबिवली पूर्वेला भाड्याचे घर शोधणाऱ्याला एजंट फोनवर जे प्रश्न विचारतो, त्यांचा क्रम ठरलेला असतो. फॅमिली की बॅचलर? कामाला कुठे? बजेट किती, डिपॉझिट किती देणार? मग आडनाव. आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ उत्तर सोयीचे नसले तरी फोन लगेच ठेवला जात नाही. ‘मालकांशी बोलून कळवतो’ असे सांगितले जाते. संध्याकाळी पुन्हा विचारावे तर जागा गेलेली असते, किंवा मालकांचा भाचा राहायला येणार असतो, किंवा ‘माझं काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत.’

समजा, एकाच संकुलातल्या एकाच घरासाठी तिघांनी असे फोन केले. एक सिंधुदुर्गातून आलेले मराठी कुटुंब, ज्यांच्या घरी रविवारी बोंबील तळले जातात. दुसरी उल्हासनगरची बौद्ध शिक्षिका. तिसरा भिवंडीचा मोमीन तरुण, ठाण्यातल्या कंपनीत इंजिनीअर. तिघांनाही नकार मिळाला आणि खरे कारण कोणालाच कळले नाही. घरी गेल्यावर मात्र तिघे तीन वेगळ्या गोष्टी सांगतील. कुटुंब म्हणेल, आपल्याच राज्यात मराठी माणसाला जागा मिळत नाही. शिक्षिका म्हणेल, आडनाव ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. तरुण म्हणेल, मुसलमानाला घर देतो कोण?

तिघांनाही एकाच ठिकाणाहून परत पाठवले गेले. मग ते एकमेकांना जवळचे मानतील का? आपल्याला डावलले जाते ही भावना माणसाला दुसऱ्या डावललेल्या माणसाकडे नेते, की त्याच्यापासून दूर ढकलते? गेली काही दशके समाजमानसशास्त्रज्ञ हा प्रश्न अभ्यासत आहेत. आणि ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर या पट्ट्याइतका तो क्वचितच दुसरीकडे दाटीवाटीने उभा असेल. आगरी-कोळी, कुणबी, कोकणी मुसलमान, सिंधी, उत्तर भारतीय, तेलुगू पद्मशाली, तमिळ, बौद्ध, गुजराती असे सगळे एकाच लोकलने जा-ये करतात, आणि प्रत्येकाकडे आपण डावलले गेल्याची निदान एक तरी गोष्ट असते.

आधी त्या भावनेबद्दल. ‘वाटते’ म्हटले की ते मनाचे खेळ असावेत असा अर्थ काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. बदलली ती फक्त नावे. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचा निष्कर्ष आला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश होता, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला तो एक तृतीयांशच होता. म्हणजे डावलणे खरे आहे आणि मोजता येते. पण ज्या तरुणाचा अर्ज मागे राहिला त्याला हे आकडे दिसत नाहीत. त्याला दिसते ते न आलेले उत्तर. कारण न सांगता दिलेला नकार हीच या सगळ्या यंत्रणेची पहिली पायरी आहे. कारण सांगितले नाही की माणूस ते स्वतः भरतो, आणि भरताना हाताशी असलेली जुनी गोष्ट वापरतो. आजोबांनी सांगितलेली, दंगलीतली, मोर्चातली, कालच व्हॉट्सॲपवर आलेली.

कायद्याकडूनही त्याला ते कारण मिळत नाही. राज्यघटनेचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करायला मनाई करते; खासगी घरमालकाच्या दारापर्यंत ते पोचत नाही. उलट अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असा निकाल दिला, की सहकारी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवू शकते. त्यामुळे नकार देणाऱ्याला जाब द्यावा लागत नाही आणि नकार मिळालेल्याला दाद मागायला जागा उरत नाही. दाद मागता येत नाही तेव्हा माणूस आपल्या माणसांत जाऊन बोलतो.

इथे दुसरी पायरी येते. फे क्रॉस्बी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात नोकरदार स्त्रियांचा अभ्यास करताना एक विसंगती टिपली, आणि ती पुढे अनेक गटांत आढळली. ‘तुमच्यावर अन्याय होतो का?’ विचारले तर लोक बरेचदा ‘तसा मला नाही’ म्हणतात. ‘तुमच्या लोकांवर होतो का?’ विचारले तर ‘खूप होतो’ म्हणतात. म्हणजे डावलले गेल्याची भावना स्वतःच्या अनुभवातून जेवढी येते, त्याहून जास्त ती गटाच्या बोलण्यातून येते. आणि ती आली की गट आणखी घट्ट होतो. बाहेर नाकारला गेलेला माणूस आत जास्त ओढला जातो, ही अभ्यासकांनी वारंवार पाहिलेली गोष्ट आहे.

मुंब्रा हे तिचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. खाडी आणि पारसिकच्या डोंगरामधल्या या चिंचोळ्या पट्टीत मुंब्रा-कौशाचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, मराठीच्या जवळची बोली बोलत होते. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींनंतर तिथे हजारो कुटुंबे आली, कारण मिश्र वस्तीत झोप लागेना. पुढे ज्यांना ठाण्यात, डोंबिवलीत घर मिळाले नाही तेही तिथेच आले. भीतीने भरलेली वस्ती नकारांनी फुगत गेली. आणि वस्ती एकाच समाजाची झाली की तिच्यातल्या मुलांची दुसऱ्या समाजातल्या मुलांशी शाळेत, मैदानात, जिन्यात गाठ पडण्याचे प्रसंगच कमी होतात. मग ‘ते लोक’ कसे आहेत हे दोन्हीकडच्या मुलांना फक्त ऐकून कळते.

तिथेच एक बारीक गोष्टही दिसते. जुना कोकणी मुसलमान आणि उत्तर प्रदेशातून आलेला नवा मुसलमान बाहेरच्यांना एकच वाटतो, पण कोकणी माणूस ‘आम्ही इथलेच’ हे आवर्जून सांगतो. आपल्यावरचा शिक्का पुसायचा एक मार्ग म्हणजे तो शेजाऱ्यावर ढकलून देणे: आम्ही त्यातले नाही. हे फक्त मुंब्र्यात होते असे नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जवळपास एक लाख सिंधी निर्वासित आणून वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर नाव दिले. निर्वासित म्हणून हिणवले गेलेल्या त्या पिढीची नातवंडे आज घरमालक आहेत, दुकानदार आहेत, आणि नवा भाडेकरू निवडताना तेही आडनाव विचारतात. स्वतः सोसले म्हणून माणूस दुसऱ्याचे सोसणे ओळखतोच असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे.

मग ओळखतो केव्हा? मॉरीन क्रेग आणि जेनिफर रिचेसन या अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. आशियाई आणि लॅटिनो वंशाच्या अमेरिकी लोकांत आपल्या गटावर वांशिक अन्याय होतो असे ज्यांना जास्त वाटते, त्यांना काळ्या लोकांविषयीही जास्त जवळीक वाटते, असे त्यांना आढळले. प्रयोगातही अन्यायाची आठवण जागी केली तेव्हा ही जवळीक वाढली. कारण होते साम्य: ‘आपलेही त्यांच्यासारखेच आहे’ हा विचार. पण त्याच सुमाराच्या दुसऱ्या अभ्यासात चित्र उलटले. गोऱ्या स्त्रियांना बायकांवर होणाऱ्या अन्यायाची आठवण करून दिली, तेव्हा काळ्या आणि लॅटिनो लोकांविषयीचा त्यांचा दुजाभाव वाढला. पुढे लॅटिनो लोकांना वांशिक अन्यायाची आठवण दिली असता समलिंगी लोकांबद्दलचे त्यांचे मत खराब झाले.

म्हणजे जखम एकाच प्रकारची आहे असे वाटले तर माणूस दुसऱ्या जखमी माणसाकडे सरकतो. जखमेचा प्रकार वेगळा वाटला, तर आधीच दुखावलेला अभिमान सावरण्यासाठी तो दुसऱ्या कोणाला तरी खाली धरतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. डावलले गेल्याची भावना स्वतः चांगली नसते की वाईट नसते. तिला नाव कोणते मिळते यावर ती कुठे जाईल ते ठरते.

आता वरच्या तिघांकडे पाहिले तर गाठ कुठे आहे ते दिसते. कुटुंबाने नकाराला भाषेचे नाव दिले, शिक्षिकेने जातीचे, तरुणाने धर्माचे. तीन प्रकार, तीन कप्पे. खरे तर नाकारले गेले ते बहुधा ताट. मासे-मटण खाणारे कोण कोण आहेत ते बघा. कोळी, आगरी, मराठा, सीकेपी, मालवणी, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, बंगाली. शाकाहाराच्या अटीने या सगळ्यांना एकाच रेषेच्या पलीकडे उभे केले आहे. पण ती रेष सर्वांची मिळून म्हणून ओळखली जात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. तोच नकार बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबांना वर्षानुवर्षे मिळत आला आहे, याची आठवण त्या संतापात फार थोड्यांना झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे आपल्याकडचे मूळ फार आधी दाखवले होते. अमेरिकेतल्या प्रयोगात ढोबळ मानाने एक वरचा गट आहे आणि बाकीचे खाली आहेत. आपल्याकडे उतरंड आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार यांनी ती बांधलेली आहे. अगदी तळचा सोडला तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून संपूर्ण रचना मोडण्यात प्रत्येकाला थोडे का होईना गमवावे लागते. वरच्याने अपमान केला की माणूस खालच्याशी हात मिळवण्याऐवजी आपण त्याच्याहून वरचे आहोत याची खात्री करून घेतो. १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ लिहिणाऱ्या माणसाने हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय पाहिले होते, आणि आपल्या समाजाला ते प्रयोगापेक्षा जास्त नेमके लागू पडते. अमेरिकी निष्कर्ष इथे जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

उतरंडीत टंचाईची भर पडली की सोसणाऱ्यांतच जुंपते. धनगर समाजाची तक्रार अशी, की घटनेच्या यादीत ‘धनगड’ लिहिले गेले आणि आपल्या आदिवासी सवलती गेल्या. आदिवासी समाजाची भीती अशी, की मोठा समाज यादीत आला तर वारली, कातकरी, ठाकूर यांच्या वाट्याचे काय उरेल? फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगरांच्या याचिका फेटाळल्या. तरी त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी धनगरांना यादीत घेण्याच्या विरोधात मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. दोन्ही समाज गरीब, दोघांचीही मुले वसतिगृहाच्या यादीत आपले नाव शोधणारी. मराठा आंदोलनाने २०२३ पासून कुणबी दाखल्यांची मागणी लावून धरल्यावर शहापूर-मुरबाडकडच्या कुणब्यांच्या मनातही तीच धास्ती आली. इथे जखमेचा प्रकार सारखाच आहे, तरी जवळीक वाढत नाही, कारण दोघांची नजर एकाच भाकरीवर आहे. सरकार जागा वाढवण्याऐवजी याद्या हलवत राहते तोवर हे भांडण सुटणार नाही.

ठाणे-कल्याणच्या राजकारणाचा इतिहासही या नावे देण्याच्या अंगाने वाचता येतो. शिवसेना १९६६ मध्ये निघाली ती दक्षिण भारतीयांनी मराठी तरुणांच्या नोकऱ्या घेतल्याच्या तक्रारीवर, आणि १९६७ मध्ये तिला पहिली मोठी सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत. तेव्हा जखमेला भाषेचे नाव होते. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी, ठाणे, कल्याण, मुंबई पेटली, आणि नाव धर्माचे झाले. काल ‘मद्रासी’ म्हणून ज्याला हिणवले तो डोंबिवलीतला तमिळ शेजारी आता हिंदू म्हणून आपला ठरला. १९ ऑक्टोबर २००८ रोजी रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना कल्याण-ठाण्यातही मारहाण झाली, आणि नाव पुन्हा भाषा-प्रांताकडे फिरले. त्या दिवसांत कल्याण पूर्वेच्या चाळीतला बिहारी हिंदू आणि मुंब्र्यातला बिहारी मुसलमान एकाच भीतीत होते. दंगलीच्या वर्षांत तेच दोघे दोन टोकांना होते. माणसे तीच, त्यांचे कष्ट तेच, पण त्यांच्यातले अंतर नावाप्रमाणे कमी-जास्त झाले. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या योगीधाम भागातल्या एका संकुलात धुपाच्या धुरावरून भांडण झाले, मराठी कुटुंबाला मारहाण झाली, आणि प्रकरण नागपूरच्या अधिवेशनात गाजले. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात आरोपी सरकारी कर्मचाऱ्याच्या निलंबनाची घोषणा केली. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्याच्या वादावरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठीप्रेमींचा मोर्चा निघाला. मराठी माणसाची ही वेदना खरी आहे. गावठाणाभोवती टॉवर उभे राहिलेल्या आगऱ्याची, २२ जून २०१७ ला नेवाळीत दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनी परत मागत रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्याची वेदना तर आणखी जुनी आहे. तिला खोटे ठरवून कोणाचेच भले होणार नाही. प्रश्न एवढाच, की ती बोलून दाखवताना समोर कोणाला उभे केले जाते: जमीन घेणाऱ्याला, की आपल्यासारख्याच भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला?

नाव बदलून माणसे जवळ आणता येतात याचाही पुरावा महाराष्ट्रात आहे. मंडल आयोगानंतर जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मोमीन, बागवान, कुरेशी, तांबोळी, पिंजारी या कष्टकरी मुसलमानांचे मागासलेपण माळी-तेली-साळी यांच्यासारखेच व्यवसायातून आणि जातीतून आले आहे, असे तिचे म्हणणे होते. अभिनेते दिलीपकुमार या चळवळीच्या व्यासपीठांवर आले आणि १९९४ मध्ये राज्य सरकारने या जातींना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा केला. ते साल महत्त्वाचे. दंगलीला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि तरी भिवंडीचा मुसलमान विणकर आणि हिंदू विणकर कागदावर एका ओळीत आले, कारण कोणीतरी ‘धर्म’ ऐवजी ‘माग’ हे नाव पुढे केले.

नाव एक ठेवून हिशेब वेगळे ठेवले तर काय होते, ते २०१९ ने दाखवले. प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी आणि ओवेसींचा एमआयएम एकत्र आले. ‘वंचित’ हे नाव नेमके होते: सगळ्यांची जखम एकच, असे सांगणारे. औरंगाबादेत इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, त्यात दलित मतांचा वाटा मोठा होता. अकोला आणि सोलापुरात मात्र स्वतः आंबेडकर हरले, आणि मुस्लिम मते आपल्याकडे वळली नाहीत अशी तक्रार आघाडीतून पुढे आली. विधानसभेच्या जागावाटपावर सप्टेंबरमध्ये युती तुटली. १९८०च्या दशकात हाजी मस्तान आणि जोगेंद्र कवाडे यांनी मांडलेला दलित-मुस्लिम एकीचा डावही टिकला नव्हता. माझे मत असे, की निवडणुकीपुरते दिलेले समान नाव मतदानाच्या रात्री संपते. रोजच्या व्यवहारात त्याला पाय फुटावे लागतात.

ते कसे फुटतात हे शिकायला ठाणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. भिवंडी १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटली, त्यावर न्या. मादन आयोग बसला. १९८४ मध्ये ती पुन्हा पेटली. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, भिवंडी शांत राहिली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी त्याआधीच मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. वस्तीतले हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, सोबत त्या भागाचा पोलीस अधिकारी, आणि बैठका दंगलीच्या धास्तीपुरत्या नव्हेत, तर नियमित. विषय काय? गल्लीतली किरकोळ भांडणे, नळ, गटार, कोणाच्या मुलाने कोणाला काय म्हटले. राजकीय शास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम हिंसेवरच्या २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीच्या या शांततेची दखल घेतली.

हे का जमले, याचे उत्तर वर सांगितलेल्या यंत्रणेतच आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लिहिले होते, की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. भेटणाऱ्यांचा दर्जा सारखा हवा, काम दोघांचे हवे, ते मिळून करावे लागावे आणि मागे अधिकाराचे बळ असावे. सारखी संख्या म्हणजे सारखा दर्जा. गटार दोघांचेही. सोडवायचे दोघांनी मिळून. आणि पोलीस टेबलाच्या त्याच बाजूला. नळाला पाणी न येणे ही जखम हिंदू नसते की मुसलमान नसते, म्हणून तिला एकच नाव पडले. शिवाय अफवा उठली की ती विचारायला दोन्हीकडे ओळखीची माणसे होती. न सांगितलेल्या कारणाची जागा संशयाने भरण्याआधी कोणीतरी कारण विचारून येत होते.

पुढे या व्यवस्थेला हवी तशी देखभाल मिळाली नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत गोळीबार झाला, जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. तेव्हा वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता, वस्ती आणि पोलीस यांच्यातला होता. ज्या टेबलावर दोघे एकत्र बसत होते ते उचलले गेले की हे होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यांत आजही शांतता समित्या आहेत. गणपती, ईद, नवरात्र, जयंत्या आल्या की त्यांची बैठक होते, मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेची वेळ ठरते, चहा होतो, आणि मग पुढचा सण येईपर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. या लेखाच्या वाचकांपैकी कोणी तिथे सदस्य असेल, किंवा सदस्य असलेल्या कोणाला ओळखत असेल, तर एवढे करून पाहावे. ज्या महिन्यात एकही सण नाही, त्या महिन्यात बैठक मागावी. आपल्या प्रभागात मुसलमान, बौद्ध, उत्तर भारतीय, आगरी जितके आहेत, तितके त्या खोलीत आहेत का ते मोजावे. आणि विषयपत्रिकेवर पाणी आणि कचऱ्याच्या खाली तिसरा विषय लिहून घ्यावा: आपल्या भागात भाड्याचे घर कोणाला आणि का नाकारले जाते.